ड जीवनसत्त्व, त्याचे ग्राही प्रथिन आणि पीसीओएस : एका गृहीतकाची तपासणी

स्त्रियांच्या प्रजननक्षम वयातील अंतःस्रावी विकारांत ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम’, म्हणजेच पीसीओएस, हा सर्वांत अधिक आढळणारा विकार होय. या वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे सुमारे ८ ते १३ स्त्रियांना तो असतो, असे सामान्यतः मानले जाते. ड जीवनसत्त्वाची न्यूनताही भारतात, भरपूर ऊन असूनही, फार मोठ्या प्रमाणावर आढळते. दोन गोष्टी इतक्या सार्वत्रिक असल्या म्हणजे त्या एकाच व्यक्तीत वारंवार एकत्र दिसणार, हे उघड आहे. परंतु त्या केवळ शेजारी नांदतात, की एकीच्या मुळाशी दुसरी आहे, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचे उत्तर नुसत्या सहवासावरून देता येत नाही.

गेल्या काही दशकांत या प्रश्नाला आणखी एक धागा जोडला गेला. ड जीवनसत्त्व ज्या प्रथिनाच्या द्वारा पेशीत कार्य करते, त्या ग्राही प्रथिनाच्या जनुकात माणसामाणसांगणिक लहान लहान भेद असतात. हे भेदच काही स्त्रियांना पीसीओएसकडे झुकवीत असावेत, असे गृहीतक मांडले गेले आणि इराण, ऑस्ट्रिया, भारत इत्यादी देशांत त्याची पडताळणी करण्याचे प्रयत्न झाले. हे गृहीतक कोणत्या आधारावर उभे आहे, त्याच्या साखळीतील प्रत्येक दुवा कितपत भक्कम आहे आणि तो तपासण्याची योग्य रीत कोणती, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विकाराचे स्वरूप

१९३५ साली शिकागो येथील स्टाइन व लेव्हेंथल या दोन वैद्यांनी सात स्त्रियांचे वृत्त प्रसिद्ध केले. त्यांची पाळी बंद अथवा अनियमित होती, काहींच्या अंगावर पुरुषी केस वाढले होते आणि अंडाशय आकाराने मोठे होऊन त्यांत अनेक लहान पोकळ्या दिसत होत्या. अंडाशयाचा पाचरीच्या आकाराचा भाग कापून काढल्यावर सातही जणींची पाळी पुन्हा सुरू झाली. या पोकळ्यांवरूनच विकाराला नाव पडले; परंतु ते काहीसे दिशाभूल करणारे आहे. ज्यांना पुटी म्हटले गेले त्या रोगट गाठी नसून अर्ध्यावर वाढ थांबलेली बीजपुटके होत.

निरोगी स्त्रीत प्रत्येक चक्रात अनेक पुटके वाढू लागतात आणि त्यांपैकी सामान्यतः एकच पक्व होऊन त्यातून बीज बाहेर पडते. पीसीओएसमध्ये ही निवड होत नाही. पोषग्रंथीतून येणाऱ्या एलएच या हॉर्मोनाचे प्रमाण अनेकदा वाढलेले असते आणि त्याच्या प्रेरणेने पुटकाच्या बाहेरील पेशी पुरुष-हॉर्मोने अधिक निर्माण करतात. त्याच वेळी शरीरातील स्नायू व चरबीच्या पेशी इन्शुलीनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. साहजिकच स्वादुपिंड अधिक इन्शुलीन स्रवते. हे वाढलेले इन्शुलीन दोन प्रकारे घातक ठरते. अंडाशयावर ते एलएचच्या जोडीने कार्य करून पुरुष-हॉर्मोनांची निर्मिती वाढविते, आणि यकृतात लिंग-हॉर्मोनांना बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचे उत्पादन घटविते. परिणामी रक्तातील मुक्त टेस्टोस्टेरॉन वाढते. लहान पुटकांची गर्दी झाल्यामुळे त्यांच्यातून पाझरणारे एएमएच हे हॉर्मोनही वाढते आणि ते पुटकांच्या पुढील वाढीला आवर घालते. अशा रीतीने एक दुष्टचक्र निर्माण होते.

निदानाची कसोटी २००३ साली रॉटरडॅम येथे ठरविण्यात आली. बीजोत्सर्गातील अनियमितता, पुरुष-हॉर्मोनांचे आधिक्य आणि ध्वनिचित्रणात दिसणारे अनेक पुटकांचे अंडाशय या तीन लक्षणांपैकी कोणतीही दोन असली, व अन्य कारणे वगळली गेली, की विकार आहे असे मानावयाचे. २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने प्रौढ स्त्रियांत ध्वनिचित्रणाऐवजी एएमएचचे मापनही ग्राह्य धरले. संशोधकाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, एकाच नावाखाली रुग्णांचे चार निरनिराळे प्रकार एकत्र येतात. ज्या स्त्रीत पुरुष-हॉर्मोने मुळीच वाढलेली नाहीत तीही या गटात बसू शकते. दोन संशोधकांनी ‘पीसीओएसच्या रुग्ण’ म्हणून निवडलेल्या स्त्रिया एकसारख्या असतीलच असे नाही.

विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, याविषयी मात्र शंका नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील जुळ्या बहिणींच्या अभ्यासात एकयुग्मज जुळ्यांतील सहसंबंध ०·७१ आढळला, तर द्वियुग्मज जुळ्या व इतर सख्ख्या बहिणींत तो ०·३८ होता. तेव्हा जनुकांचा शोध घेणे रास्तच आहे. प्रश्न आहे तो कोणत्या जनुकाचा, एवढाच.

ड जीवनसत्त्व आणि त्याचे ग्राही प्रथिन

१९१९ साली मेलॅनबी यांनी इंग्लंडमध्ये विशिष्ट आहार देऊन कुत्र्यांच्या पिलांत मुडदूस निर्माण केला आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टाळता येतो हे दाखविले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी पाऱ्याच्या दिव्याच्या जंबुपार किरणांनी मुडदूस झालेली मुले बरी केली. एकाच रोगावर तेल व प्रकाश हे दोन उपाय कसे लागू पडतात, हे कोडे पुढे उलगडले. १९२२ साली मॅककॉलम व त्यांच्या सहकाऱ्यांनी या तेलातील मुडदूसनाशक द्रव्य अ जीवनसत्त्वाहून वेगळे असल्याचे सिद्ध केले आणि त्याला ‘ड’ हे नाव मिळाले.

वस्तुतः हे द्रव्य जीवनसत्त्वापेक्षा हॉर्मोनाच्या जातीचे आहे. त्वचेतील ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलवर सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण पडले म्हणजे ते तयार होते. पुढे यकृतात त्याच्या पंचविसाव्या कार्बनवर आणि मूत्रपिंडात पहिल्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट जोडला जातो, तेव्हा ते कार्यक्षम होते. रक्तातील साठा मोजावयाचा तो यकृतात तयार झालेल्या रूपाचा; कार्य करते ते मूत्रपिंडात तयार झालेले रूप.

हे कार्यक्षम रूप पेशीकेंद्रकातील एका प्रथिनाला बांधले जाते. १९६९ साली कोंबडीच्या आतड्यात त्याचा शोध लागला आणि १९८८ साली मानवी ग्राहीची रचना उकलली गेली. हॉर्मोन बांधले गेले की हे ग्राही प्रथिन दुसऱ्या एका ग्राहीशी जोडी जमविते आणि डीएनएवरील ठरावीक जागी बसून शेजारच्या जनुकांचे कार्य वाढविते वा घटविते. अंडाशय, गर्भाशय, पोषग्रंथी आणि इन्शुलीन निर्माण करणाऱ्या स्वादुपिंडाच्या पेशी या सर्वांत ते आढळते. एएमएचच्या जनुकाच्या आरंभीच्या भागातही ते बसू शकेल अशी जागा आहे. पीसीओएसशी संबंध असावा, ही कल्पना येथूनच सुचली, आणि ती सुचणे स्वाभाविक होते.

जनुकातील भेद

या ग्राहीचे जनुक बाराव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर आहे. त्यातील जे भेद वारंवार तपासले गेले त्यांची नावे फॉक-१, बीएसएम-१, अ‍ॅपा-१, टॅक-१ आणि सीडीएक्स-२ अशी आहेत. यांपैकी पहिली चार नावे जनुकाच्या कार्यावरून पडलेली नाहीत. डीएनए विशिष्ट जागी कापणाऱ्या जिवाणूंतील ज्या एंझाइमांच्या साहाय्याने हे भेद ओळखले जात, त्या एंझाइमांची ती नावे होत. दुसऱ्या शब्दांत, हे भेद प्रथम अभ्यासले गेले ते त्यांचे जैविक महत्त्व सिद्ध झाले होते म्हणून नव्हे. त्या काळच्या साधनांना ते सहज सापडत होते म्हणून.

त्यांचे परिणाम पाहू गेल्यास फरक स्पष्ट होतो. फॉक-१ हा भेद प्रथिनाच्या आरंभसंकेतावर आहे. ‘एटीजी’ हा संकेत असल्यास ४२७ अमिनो अम्लांचे प्रथिन तयार होते. त्याजागी ‘एसीजी’ आल्यास वाचन पुढच्या आरंभसंकेतापासून सुरू होते आणि प्रथिन तीन अमिनो अम्लांनी आखूड होते. प्रयोगनळीत हे आखूड प्रथिन किंचित अधिक कार्यक्षम आढळले आहे. सीडीएक्स-२ हा भेद जनुकाच्या नियंत्रक भागात असून त्यामुळे जनुकाच्या वाचनाचे प्रमाण बदलू शकते. टॅक-१ मुळे संकेत बदलतो, पण दोन्ही संकेतांचा अर्थ आयसोल्यूसीन हाच असल्याने प्रथिन तेच राहते. बीएसएम-१ आणि अ‍ॅपा-१ हे तर प्रथिनात न उतरणाऱ्या मधल्या भागात आहेत. शिवाय बीएसएम-१, अ‍ॅपा-१ व टॅक-१ हे तिन्ही जवळजवळ असल्याने बहुधा एकत्रच वारशाने येतात. शेजारच्या एखाद्या खऱ्या बदलाची खूण म्हणून त्यांचा उपयोग होऊ शकेल. कारण म्हणून त्यांच्याकडे बोट दाखविणे अवघड आहे.

येथे सामान्य भेद व रोगकारक उत्परिवर्तन यांतील अंतरही ध्यानात ठेवले पाहिजे. ग्राहीचे कार्य पूर्णपणे नष्ट करणारी उत्परिवर्तने दुर्मिळ असून त्यांमुळे लहानपणीच मुडदुसाचा एक आनुवंशिक प्रकार होतो. वर सांगितलेले भेद निरोगी लोकांत सर्रास आढळतात. त्यांचा परिणाम असलाच तर तो सूक्ष्मच असणार.

प्राण्यांवरील प्रयोग

१९९७ साली जपानमध्ये हे जनुक नष्ट केलेले उंदीर तयार करण्यात आले. त्यांतील माद्यांचे गर्भाशय अविकसित राहिले आणि पुटके पक्व झाली नाहीत. २००० साली असे दिसून आले की, या माद्यांच्या अंडाशयात पुरुष-हॉर्मोनाचे स्त्री-हॉर्मोनात रूपांतर करणारे अ‍ॅरोमॅटेझ हे एंझाइम मंदावलेले असते. गृहीतकाला हा मोठाच आधार वाटतो. परंतु आहारातून कॅल्शियम वाढविल्यावर हा दोष अंशतः भरून निघाला. आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पुष्कळ कॅल्शियम दिलेल्या अशा माद्या प्रजननक्षम आढळल्या. म्हणजे दोषाचा बराचसा भाग अंडाशयातील ग्राहीच्या अभावाचा नसून रक्तातील कॅल्शियमच्या न्यूनतेचा होता. शिवाय ज्या प्राण्यात ग्राही समूळ नाही त्याच्यावरून, ज्या स्त्रीच्या ग्राहीत केवळ एका अक्षराचा भेद आहे तिच्याविषयी अनुमान काढणे धाडसाचे ठरते.

रुग्ण व निरोगी यांची तुलना

२००९ साली इराणमध्ये १६२ रुग्ण व १६२ निरोगी स्त्रिया यांची तुलना करण्यात आली आणि अ‍ॅपा-१ या भेदाचा विकाराशी संबंध दिसला. २०११ साली ऑस्ट्रियात ५४५ रुग्ण व १४५ निरोगी स्त्रियांच्या अभ्यासात लक्ष वेधले गेले ते सीडीएक्स-२ व इन्शुलीन यांच्या संबंधाकडे. २०१५ साली भारतीय स्त्रियांच्या अशाच अभ्यासातही सीडीएक्स-२ पुढे आला. इतर देशांतील निबंधांत आणखी वेगळे भेद आढळले, तर काहींत कोणताच संबंध दिसला नाही.

ही विसंगती वंशभेदामुळे असू शकते; परंतु त्याआधी एक साधा हिशेब करून पाहावा. समजा, निरोगी स्त्रियांत एखाद्या भेदाचे प्रमाण ४० टक्के आहे. प्रत्येक गटात १६० स्त्रिया असल्यास प्रत्येक गटातील गुणसूत्रे ३२० होतात. एवढ्या संख्येत केवळ योगायोगानेच दोन्ही गटांत साडेसात टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. आता सामान्य विकारांत एकेका भेदाचा परिणाम बहुधा फार लहान असतो. शक्यतांचे गुणोत्तर १·१ धरल्यास रुग्णांत हेच प्रमाण ४२·३ टक्के होईल. सव्वादोन टक्क्यांचा हा फरक विश्वासाने ओळखण्यासाठी, म्हणजे तो खरा असताना शंभरांत ऐंशी वेळा तरी दिसावा यासाठी, प्रत्येक गटात सुमारे ३,५०० स्त्रिया लागतील. दीडशे-दोनशे रुग्णांच्या अभ्यासात तो दिसला तर ते बहुधा योगायोगाचे फळ असते. न दिसला तर त्यावरून तो नाहीच असेही ठरत नाही.

दुसरा धोका अनेक कसोट्यांचा. पाच भेद घेतले आणि प्रत्येकाचा विकार, टेस्टोस्टेरॉन, इन्शुलीन व शरीरभार या चार गोष्टींशी संबंध तपासला, तर वीस कसोट्या होतात. त्या परस्परांपासून स्वतंत्र मानल्यास आणि प्रत्येकीस पाच टक्क्यांची मर्यादा ठेवल्यास, मुळात काहीही संबंध नसताना निदान एक तरी ‘लक्षणीय’ निष्कर्ष मिळण्याची शक्यता ६४ टक्के येते. असा निष्कर्ष प्रसिद्ध होतो. उरलेले एकोणीस तक्त्यात दडून राहतात.

अस्थिसंशोधनाचा धडा

याच जनुकाच्या इतिहासात असा प्रसंग पूर्वी घडून गेला आहे. १९९४ साली ऑस्ट्रेलियातील मॉरिसन व सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात असे प्रतिपादन केले की, हाडांच्या घनतेतील आनुवंशिक फरकाचा फार मोठा भाग, ७५ टक्क्यांपर्यंत, या एका जनुकातील भेदांनी स्पष्ट होतो. जगभर त्यावर संशोधन सुरू झाले. १९९७ साली त्याच संशोधकांनी जुळ्यांच्या नमुन्यांतील काही जनुकप्रकार चुकीचे नोंदले गेल्याचे जाहीर करून आपला निष्कर्ष सौम्य केला. अखेर २००६ साली युरोपातील अनेक संस्थांनी २६,२४२ व्यक्तींची माहिती एकत्र केली, तेव्हा फॉक-१, बीएसएम-१, अ‍ॅपा-१ व टॅक-१ यांपैकी कशाचाही अस्थिघनतेशी वा अस्थिभंगाशी संबंध आढळला नाही. केवळ सीडीएक्स-२ चा मणक्यांच्या अस्थिभंगाशी अल्प संबंध दिसला. ज्या ऊतीत ड जीवनसत्त्वाचे कार्य निर्विवाद आहे, त्या हाडांच्या बाबतीत हे घडले. अंडाशयाच्या बाबतीत अधिक सावध राहण्यास हे कारण पुरेसे आहे.

संपूर्ण जनुकसंचाचा शोध

एकेका संशयित जनुकाची निवड न करता सर्व गुणसूत्रांवरील लाखो भेद एकदम तपासण्याची पद्धत एकविसाव्या शतकात रूढ झाली. तीत योगायोग टाळण्यासाठी मर्यादा फार कडक, म्हणजे दोन कोटींत एक, अशी ठेवतात. २०११ साली चीनमधील अशा संशोधनात पीसीओएसशी निगडित तीन स्थाने सापडली. २०१८ साली युरोपीय वंशाच्या १०,०७४ रुग्ण व १,०३,१६४ निरोगी स्त्रियांची माहिती एकत्र करण्यात आली, तेव्हा १४ स्थाने आढळली. ड जीवनसत्त्वाच्या ग्राहीचे जनुक त्यांत नाही. यांपैकी एक स्थान बाराव्या गुणसूत्राच्या त्याच पट्ट्यात येते खरे. पण ते ग्राहीच्या जनुकापासून सुमारे ८० लाख अक्षरे दूर आहे. पट्ट्याच्या नावावरून दोहोंची गल्लत होऊ देता कामा नये.

ग्राहीतील भेद आणि रक्तातील ड जीवनसत्त्वाची न्यूनता हे दोन प्रश्नही वेगळे ठेवले पाहिजेत. २०१० साली सुमारे ३४,००० व्यक्तींच्या अभ्यासात रक्तातील पातळी ठरविणारी जी स्थाने मिळाली, ती या जीवनसत्त्वाच्या निर्मितीशी, यकृतातील रूपांतराशी व वहनाशी संबंधित जनुकांजवळची होती. ग्राहीचे जनुक त्यांतही नव्हते.

मग पीसीओएसच्या रुग्णांत पातळी कमी का आढळते? त्याचे एक कारण स्थूलता हे होय. २०१३ साली ४२,०२४ व्यक्तींच्या जनुकाधारित विश्लेषणात असे दिसले की, वाढलेला शरीरभार ड जीवनसत्त्वाची पातळी खाली आणतो; पातळी कमी असल्यामुळे शरीरभार वाढतो, असा पुरावा मात्र मिळाला नाही. पीसीओएसच्या अनेक रुग्ण स्थूल असतात, आणि २०१८ च्या उपर्युक्त अभ्यासाने शरीरभार व इन्शुलीन यांना विकाराच्या कारणांत स्थान दिले आहे. तेव्हा कमी पातळी हे रोगाचे मूळ नसून, रोगाला कारणीभूत होणाऱ्या स्थूलतेची ती दुसरी फांदी असण्याचा संभव मोठा आहे.

उपचाराचा प्रश्न

१९९९ साली १३ रुग्ण स्त्रियांना ड जीवनसत्त्व व कॅल्शियम देण्यात आले. पाळी अनियमित असलेल्या नऊ जणींपैकी सात जणींची पाळी दोन महिन्यांत नियमित झाली. वृत्त आशादायक होते. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि या विकारात पाळी आपोआपही काही काळ सुधारते. त्यानंतर लहान-मोठ्या अनेक चाचण्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. इन्शुलीनच्या बाबतीत मोठी चाचणी म्हणून अमेरिकेतील २०१९ सालची उल्लेखनीय आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २,४२३ स्त्री-पुरुषांपैकी निम्म्यांना रोज ४,००० एकक ड जीवनसत्त्व देण्यात आले. सुमारे अडीच वर्षांत त्या गटातील २९३ जणांना व दुसऱ्या गटातील ३२३ जणांना मधुमेह झाला. हा फरक योगायोगाच्या मर्यादेत बसणारा आहे. ही चाचणी पीसीओएसच्या रुग्णांची नव्हती आणि तीतील बहुतेकांची मूळची पातळी पुरेशी होती, हेही नमूद केले पाहिजे. अत्यंत न्यूनता असलेल्या तरुण स्त्रियांविषयीचा प्रश्न तिने मिटत नाही.

उपसंहार

एकंदरीत, अंडाशयात ग्राही प्रथिन आहे आणि ते तेथे कार्य करू शकते, हा दुवा पक्का आहे. जनुकातील सामान्य भेदांनी ते कार्य लक्षणीय बदलते, हा दुवा कच्चा आहे. त्या बदलामुळे विकार होतो, या दुव्याला मोठ्या अभ्यासांचा आधार मिळालेला नाही. मुंबई येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत पीसीओएसशी संबंध सुचविल्या गेलेल्या जनुकांचा कोश तयार करण्यात आला आहे आणि अभ्यासकांना त्याचा चांगला उपयोग होतो. मात्र असा संबंध सुचविला जाणे आणि सिद्ध होणे यांतील अंतर तो वापरणाऱ्याने स्वतःच लक्षात ठेवावयाचे असते.

या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने शंभर रुग्ण व शंभर निरोगी स्त्रिया गोळा करून पुन्हा तेच पाच भेद तपासण्यात अर्थ नाही. एका संस्थेला जे साधत नाही ते दहा संस्थांना एकत्र येऊन साधेल. त्यासाठी निदानाची कसोटी व रुग्णाचा प्रकार सर्वत्र एकसारखा नोंदवावा. शरीरभार, ऋतू, उन्हातील वावर व आहार यांची नोंद ठेवावी. कोणता भेद कशासाठी तपासावयाचा ते आधी लिहून ठेवावे. आणि संबंध आढळला नाही तरी तो निष्कर्ष तितक्याच तपशिलाने प्रसिद्ध करावा. भारतीय स्त्रियांचे प्रमाण जागतिक माहितीत आजवर अल्प राहिले असल्याने असे कार्य येथे होणे अगत्याचे आहे.

रुग्णाच्या दृष्टीनेही हा केवळ पंडिती वाद नाही. ज्या स्त्रीत ड जीवनसत्त्वाची न्यूनता आहे तिला ते हाडांसाठी दिलेच पाहिजे. त्यासाठी पीसीओएसचे निमित्त लागत नाही. परंतु ग्राहीच्या जनुकाची चाचणी करून तिला तिच्या विकाराचे कारण सापडल्याचे सांगणे, अथवा या जीवनसत्त्वाने पाळी सुधारेल अशी हमी देणे, यांस आज आधार नाही. वंध्यत्वाच्या चिंतेने आलेल्या स्त्रीला अशी हमी दिली गेली, तर इन्शुलीन, शरीरभार व बीजोत्सर्ग यांवरील खऱ्या उपचाराचे तिचे मोलाचे महिने वाया जातात.